समाधानकारक खुलासा

रात्री साडेअकराच्या सुमारास रस्त्यात नाकाबंदी लागलेली असावी, बॅरिकेडांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून एकेक गाडी पुढे सरकत असावी, आणि आपल्याजवळ लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी असं सगळं यथासांग असावं. डोक्यावर हेल्मेट, पोटात नुसता वरणभात. तरीही हवालदाराच्या बॅटरीचा झोत तोंडावर पडला की आपला चेहरा जो काही होतो, तो आपल्याला दिसत नाही हेच बरं. आवाज उगाचच गोड होतो. कुणी न विचारता आपण ‘घरीच चाललोय’ असं सांगून टाकतो, आणि सांगितल्यावर आपल्यालाच वाटतं की हे जरा जास्तच लवकर सांगितलं. कागद काढायला गेलेली बोटं अशी चाचपडतात, जणू खिसा दुसऱ्या कुणाचा आहे. शाळेत खडू कुणी चोरला होता, तेही त्या क्षणी आठवून जातं. आणि मागच्या मोटारसायकलवरचा, ज्याच्या गाडीचा मूळ मालक बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात तक्रार लिहून देत असतो, तो एक पाय जमिनीवर टेकून शांतपणे जांभई देत असतो.

हे असं असेल तर पोलिसाने ओळखायचं कुणाला आणि कसं? निरपराध माणसं सगळी अपराधी दिसतात आणि मुरलेला अपराधी तेवढा सज्जन दिसतो, अशा उलट्या आरशासमोर ज्याला आयुष्यभर नोकरी करायची, त्याने नेमकं काय पाहायचं? सिनेमाकडे याचं उत्तर तयार असतं. फौजदार डोळ्यांत डोळे घालतो, समोरचा नजर चुकवतो, पार्श्वभूमीला व्हायोलिन थरथरतं आणि गुन्हा उकलतो. पण चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हा समोरचा खरं बोलतोय की खोटं हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात, एवढंच निघालं. नाणं उडवलं तर ५० मिळतात. म्हणजे मनुष्यजातीच्या सगळ्या अनुभवाची, संशयाची आणि सासूपणाची मिळकत नाण्यापेक्षा चार टक्के जास्त. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय, त्या मंडळींचाही निकाल त्याहून फारसा वेगळा नव्हता. चेहऱ्यावरून ओळखण्याची कला तिथेच निकालात निघाली म्हणायची.

आणि तरीही काही पोलिसांची नजर असते. ती असते हे नाकारण्यात अर्थ नाही. १६ मार्च १९८६ला कुख्यात गुन्हेगार चार्ल्स सोभराज तिहार तुरुंगातून निसटला, तो वाढदिवसाचं निमित्त काढून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खाऊ घालून. त्याला शोधत मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे गोव्यात गेले. त्यांनी १९७१मध्ये मुंबईत त्याला एकदा पकडलेलं होतं, त्यामुळे ओळख जुनी. पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या हॉटेलात दबा धरून बसले असताना एका रात्री टॅक्सीतून दोघे जण उतरले. डोक्यावर उन्हाच्या टोप्या. झेंड्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की त्यांच्या मनात आलं, रात्रीच्या वेळी उन्हाची टोपी कशाला? बाकीची गोष्ट वर्तमानपत्रांत आली, पुस्तकांत आली, पडद्यावरही आली. त्याला पकडलं ती तारीख होती ६ एप्रिल, आणि सोभराजची खरी जन्मतारीखही ६ एप्रिलच. खोटा केक आधी कापून घेणाऱ्याला खऱ्या वाढदिवशी झेंडे भेटावेत, ही योजना कुणाची असेल ती असो, तिला विनोदाची उत्तम जाण आहे. त्या हॉटेलात नंतर टेबलाशी बसलेला एक पुतळा मांडला गेला. तो अर्थातच सोभराजचा.

मला मात्र त्या टोपीचं राहून राहून कौतुक वाटतं. रात्री ऊन नसतं, हे कळायला पोलीस ट्रेनिंग लागत नाही. तेच दृश्य त्या रात्री तिथे जेवायला बसलेल्या आणखी कितीतरी जणांनी पाहिलं असणार. पण आपण काय करतो? आपण म्हणतो, असेल बाबा. पर्यटक असेल. टक्कल असेल. टोपी बॅगेत मावत नसेल. परक्या माणसाच्या वतीने खुलासे तयार करण्यात आपल्याइतका उदार समाज नसेल. कुणी बारा महिने स्वेटर घालून फिरला तरी आपण त्याला दमा देऊन मोकळे होतो. दुपारी दोन वाजता शेजारच्या बंद घरातून दोघे जण टीव्ही उचलून नेताना दिसले, तर ‘दुरुस्तीला टाकला वाटतं’ असं म्हणून आपण त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवतो. हा आपला चांगुलपणा असतो, आणि थोडा आळसही. झेंड्यांनी एवढंच केलं की त्या टोपीचा खुलासा स्वतःच्या पदरचा दिला नाही. तो टोपीवाल्याने द्यावा, म्हणून ते थांबले.

पोलिसी नजर म्हणतात ती बहुधा एवढीच असावी. जगाला खुलासे उधार न देण्याची सवय. आपला कायदाही गमतीने तेच सांगतो. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात (तेव्हा तो मुंबई पोलीस अधिनियम होता) कलम १२२ आहे, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद परिस्थितीत आढळणाऱ्या माणसांबद्दलचं. तोंड झाकलेलं असणं, घरफोडीची हत्यारं जवळ बाळगणं हे त्यात आहेच, पण कुणाच्या इमारतीत रात्री आढळलेल्या माणसाला आपण तिथे का आहोत याचा समाधानकारक खुलासा देता न येणं, हेही आहे. मी हे कलम वाचलं तेव्हा प्रथम चोरांची नव्हे, कवींची काळजी वाटली. सूर्यास्तानंतर आपण कुठेतरी का आहोत, याचा समाधानकारक खुलासा देता येईल असे किती लोक या भूमीवर आहेत? गच्चीत उभा असलेला माणूस, जिन्यात रेंगाळणारा, दुसऱ्यांच्या खिडकीतल्या उजेडाकडे बघत फाटकाशी थबकलेला, यांच्यातल्या एकाकडे तरी साहेबांना पटेल असं कारण असतं का?

विद्यार्थिदशेत मला एकदा असा खुलासा द्यावा लागला होता. नाटक सुटलं होतं, शेवटची बस गेली होती, आणि रिक्षाचे पैसे होते तरी मी चालत निघालो होतो, कारण कोजागरीला दोनच दिवस उरले होते आणि रस्त्यावर पडलेलं चांदणं तुडवत जाण्याची हौस त्या वयात असते. चौकात सायकलवर बीटचा हवालदार भेटला. ‘कुठं निघालात?’ घरी. ‘घर कुठंय?’ सांगितलं. ‘मग हा रस्ता कशाला धरला? लांबचा आहे.’ आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, चांदणं छान आहे म्हणून. त्याने मान वर करून चंद्राकडे पाहिलं. तेही अगदी सरकारी पद्धतीने, साक्षीदाराचा पत्ता तपासावा तसं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर. ‘हात खिशातनं काढून चाला,’ तो शेवटी म्हणाला. ‘चांदण्याला हात खिशात लागत नाहीत.’ आणि बराच वेळ माझ्या मागून सायकल न चालवता, हातात धरून चालत आला. गल्लीच्या तोंडाशी वळून पाहिलं तर तो थांबून वर बघत होता. तेव्हा तो माझी जबानी पडताळून पाहत असावा.

ही नजर घडते कशी, ते मला आमच्या सोसायटीतल्या हवालदारकाकांमुळे थोडंफार कळलं. काका रेल्वे पोलिसांतून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं साध्या वेशात लोकलच्या फलाटांवर पाकीटमार हेरण्यात गेली. त्यांना चोर कसा ओळखायचा असं विचारलं की ते नेहमी चोर सोडून बाकीच्यांबद्दल बोलू लागतात. ‘गाडी येतीया म्हणल्यावर सगळ्या फलाटाच्या माना एका बाजूला वळत्यात का न्हाई? म्हातारी असो, पोर असो, आंधळा सुदीक आवाजाकडं तोंड करतो. त्या टायमाला ज्याची मान गाडीकडं न वळता मान्सांकडं वळती, तो आपला.’ तीन गाड्या एकापाठोपाठ सोडणारा माणूस, काकांच्या मते, एकतर प्रेमात असतो नाहीतर धंद्यावर; आणि या दोघांत फरक असा, की प्रेमात असलेला घड्याळाकडे बघतो. जुन्या मोटारसायकलची नंबरप्लेट नवी असली तर त्यात वावगं काही नाही, पण प्लेटचे स्क्रू चकचकीत आणि बाकी सगळे गंजलेले असले तर काका त्या गाडीभोवती एक फेरी मारतात. निवृत्तीनंतरही मारतात. बॅगेविषयी त्यांनी एकदा सांगितलं ते मी लिहूनच ठेवलं आहे: आपली बॅग माणूस विसरून धरतो, दुसऱ्याची आठवणीने धरतो.

यातली कुठलीच गोष्ट गुन्ह्याबद्दल नाही, हे ध्यानात यायला मला वेळ लागला. मान कशी वळते, बॅग कशी धरली जाते, वाट पाहणारा कुठे बघतो, हे सगळं साध्यासुध्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या माणसांचं ज्ञान आहे. फलाटावर रोज हजारो प्रामाणिक माणसं बघून बघून काकांना प्रामाणिकपणाची चाल पाठ झालेली आहे. तंबोरा जुळवणाऱ्याला सगळे सूर ऐकावे लागत नाहीत, जो उतरलेला असतो तो त्याच्या कानाला आपणहून टोचतो, तसं काकांचं होत असावं. दैवी अंतःप्रेरणा म्हणावं तर ती उन्हात आणि घामात, दोन वडापावांच्या बळावर, बारा-बारा तास उभं राहून मिळवलेली आहे.

अर्थात सूर टोचणारा कान घरी आला की खुंटीला टांगून ठेवता येत नाही. लग्नकार्यात काका जेवणाच्या पंगतीत कधी दिसत नाहीत, ते आहेराच्या टेबलाशी उभे असतात. हॉटेलात त्यांना दाराकडे तोंड करूनच बसावं लागतं, त्यामुळे काकूंच्या वाट्याला आजवर फक्त भिंतीच आल्या. दुधात पाणी किती हे ते दुधाकडे न बघता दूधवाल्याच्या पायांकडे बघून सांगतात. आणि मुलीला बघायला जेव्हा पहिलं स्थळ आलं, तेव्हा काकांनी पोहे संपायच्या आत काकूंना स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की हा मुलगा काहीतरी लपवतोय. कारण? विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो ताबडतोब देतो. खऱ्या माणसाला आठवावं लागतं. पगार किती म्हटल्यावर आकडा, गाव कुठलं म्हटल्यावर तालुका-जिल्हा-पिनकोड. ‘पाठ करून आलाय,’ काका म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘पाठ करूनच येणार. सासरा पोलिसात आहे म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतं?’

निदान अगदी बरोबर होतं. मुलगा खरोखरच पाठ करून आला होता, बहिणीने रात्री अकरापर्यंत प्रश्न विचारून त्याची तयारी करून घेतली होती. फक्त ते कशाचं लक्षण, एवढंच चुकलं होतं. तो जावई झाला, चांगला निघाला. अजून काकांनी ‘कधी आलात?’ विचारलं तर तो मिनिटासकट वेळ सांगतो.

निदान बरोबर आणि निष्कर्ष भलताच, ही पोलिसी नजरेची खरी दुखरी जागा, आणि ती नेहमी जावयावर सुखाने निभावते असं नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात ३१ ऑक्टोबर १९६३च्या दुपारी मार्टिन मॅकफॅडन नावाचा एक मुरलेला गुप्तपोलीस रस्त्याच्या कडेला उभा होता. दोघे जण एका दुकानाच्या खिडकीसमोरून आळीपाळीने जात, आत डोकावत, पुन्हा परतत. दोघांच्या मिळून डझनभर फेऱ्या झाल्या. मॅकफॅडनने झडती घेतली तर पिस्तुलं निघाली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८मध्ये ‘टेरी विरुद्ध ओहायो’ या नावाने अजरामर झालं. मौज अशी की पहिल्यांदा तुमची नजर त्यांच्यावर का गेली, असं न्यायालयात विचारल्यावर इतक्या वर्षांच्या त्या अनुभवी माणसाला ते नेमकं सांगता आलं नाही. जगाकडून खुलासे मागत फिरणाऱ्याकडे स्वतःच्या नजरेचा समाधानकारक खुलासा नव्हता. न्यायालयाने झडती मान्य केली, पण नुसतं मनात आलं म्हणून चालणार नाही, बोट ठेवून दाखवता येतील अशा गोष्टी हव्यात, असंही बजावलं. फेऱ्यांवर बोट ठेवता येत होतं. पण ते दोघे कृष्णवर्णीय होते, आणि पहिली नजर फेऱ्यांनी ओढली की रंगाने, हे मॅकफॅडनलाही कदाचित माहीत नसेल.

आपल्याकडे तर इंग्रजांनी एवढाही संदेह ठेवला नव्हता; पण त्याआधीची गोष्ट वेगळी होती. पेशवाईतल्या आणि त्याही आधीच्या गावगाड्यात चोरी झाली की जागल्या-रामोशी चोराच्या पावलांचा माग काढत जात. पाऊल मोजून घ्यायचं, धुळीतून, ओढ्यातून, खडकातून ते पुढे पुढे हुडकत न्यायचं, आणि माग शिवेपर्यंत पोचवला की पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. मग शोध त्याच्या गळ्यात. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशवाईनंतर जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची हकीकत आहे. दबलेलं गवत आणि पायाने दबलेलं गवत यांतला फरक ज्यांना दिसत होता, ती या मुलखातली खरी पोलिसी नजर. पुढे १८७१मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, माणसाने काय केलं हे बघण्याऐवजी तो कुणाच्या पोटी जन्मला हे बघायचं ठरवलं, आणि जमातीच्या जमाती हजेरीला उभ्या केल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट वसवली. स्वातंत्र्यानंतर, १९५२मध्ये, देशभरातून तो कायदा गेला, आणि कालपर्यंतचे ‘गुन्हेगार’ कागदावर ‘विमुक्त’ झाले. या विमुक्त जातींच्या यादीत पारधी आहेत, कैकाडी आहेत, आणि माग काढणारे रामोशीही आहेत. ज्यांच्या नजरेवर गावं निर्धास्त झोपत होती, त्यांच्यावरच नजर ठेवायला माणसं नेमली गेली. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालांकडे वळते, ही तक्रार आजही शिळी झालेली नाही. जन्माचा समाधानकारक खुलासा कुठून आणायचा? अशाच एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मला ते आत्मकथन वाचताना वाटत राहिलं की हे त्या हजेरीच्या रजिस्टरातलं, कुणी कधी न विचारलेलं उत्तर आहे.

काकांना मी एकदा याबद्दल छेडलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘नव्या पोराला पहिल्या दिवशी काय शिकवत्यात ठावं हाय? तोंडं. रेकॉर्डवरच्यांची तोंडं. तोंडं सोपी असत्यात. हात बघायला शिकायला दहा साल लागत्यात. तोवर लई जणांची बदली हुती.’ एवढं बोलून ते उठले, कारण खाली कुणीतरी स्कूटर लावली होती आणि ती लावून मागे वळून बघितलं नव्हतं. आपली गाडी लावून माणूस एकदा तरी मागे बघतो, असं काकांचं म्हणणं आहे.

आता ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि वॉचमनजवळच्या वहीची रोज रात्री तपासणी करणं हा त्यांचा आनंद आहे. त्या वहीत नाव, फ्लॅट नंबर, वेळ आणि ‘कामाचे स्वरूप’ असे रकाने आहेत. कामाच्या स्वरूपात बहुतेक लोक ‘पर्सनल’ लिहितात आणि पुढचे सगळे खाली दोन टिंबं देत जातात, त्यामुळे पानभर टिंबांची एक गूढ नक्षी तयार होते. एवढ्या माणसांचं एवढं पर्सनल काय असतं, असं काकांना कधी वाटत नाही; टिंबं ही प्रामाणिक माणसाची खूण आहे, असा त्यांचा अनुभव. मागच्या पावसाळ्यात मात्र एका संध्याकाळी त्यांनी वही घेऊन माझी बेल वाजवली. ‘काय लेखक, हे वाचा.’ बारीक, वळणदार अक्षरात कुणीतरी चार ओळी लिहून रकाना ओलांडला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक यांनी गेल्या गुरुवारी ग्रंथालयात पाऊस आला असता आपली छत्री मला दिली होती, ती परत करण्याकरिता. दहा मिनिटांत निघेन.

‘इतकं खरं कोण लिहितं?’ काका म्हणाले आणि जिना चढून वर गेले. पाच मिनिटांनी खाली आले ते एका ऐंशीच्या घरातल्या, धोतर नेसलेल्या निवृत्त मास्तरांना हाताला धरून. त्यांना रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याचा नंबर स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला, आणि वॉचमनला ‘मास्तर पुन्हा आले तर वही पुढं करायची न्हाई’ असं बजावलं. मी विचारलं, काका, मग संशय कसला आला होता?

‘येणार न्हाई तर काय?’ काका म्हणाले. ‘अवो, उभ्या नोकरीत छत्री परत करायला आलेला माणूस बघितला नव्हता.’